पाद्रीबाबांबरोबर धाडलेले निरोप

दोम तनुश यांच्या ग्रंथात सगळे बोलत होते. पाशा बोलत होता, पाशाच्या तोफा सांभाळणारा सरदार बोलत होता, किल्लेदार बोलत होता, आणि सगळे उत्तम लॅटिनमध्ये, हात उंचावून, पानंच्या पानं बोलत होते. त्या काळी इतिहास लिहायची रीतच तशी होती. लढाई तोंडाशी आली की सेनापतीनं आधी भाषण करायचं आणि मग तलवार काढायची. दोम तनुश आमचे पाद्री, पादुआच्या विद्यापीठात शिकून आलेले. रीत सोडून एक ओळ लिहायची म्हटली तरी ते लेखणी खाली ठेवत.

तुर्कांच्या वेढ्यानंतर आपलं श्कोद्रा शहर सोडून व्हेनिसला आलेली आमची मंडळी सान माउरित्सिओच्या देवळाच्या आसपास दाटीवाटीनं राहायची. रविवारची प्रार्थना झाली की दोम तनुश त्यांना नवं प्रकरण आपल्या भाषेत वाचून दाखवत. मंडळी कान देऊन ऐकायची, डोळे पुसायची, आणि चौकात आल्याबरोबर टर उडवायची.

"पाशा एवढा वेळ बोलत बसला होता होय?" जिन नावाडी म्हणायचा. "तरीच म्हटलं, त्याला किल्ला का मिळाला नाही!"

दोम तनुशांच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. पण त्यांचं खरं दुखणं निराळं होतं. ग्रंथ संपत आला होता आणि त्याचा गाभाच रिकामा होता. शेवटच्या हल्ल्याच्या दिवशी मोठ्या दरवाजावरच्या बुरुजाला खिंडार पडलं, शत्रू आत घुसला, आणि बुरुजावरच्या मूठभर माणसांनी त्याला मागे रेटलं. शहर वाचलं ते तिथे. पुढे ते तहात गेलं, ज्यांच्यासाठी लढलो त्या व्हेनिसवाल्यांनीच सुलतानाच्या हाती दिलं, ती गोष्ट वेगळी. त्यांच्याच गावात राहून त्यांना काय बोलणार! पण लढून ते कुणाच्या बापाला घेता आलं नाही, आणि त्या एका गोष्टीवर आमचा म्हातारा न् म्हातारा व्हेनिसच्या गल्लीतून ताठ मानेनं चालायचा.

त्या बुरुजावर नेमकं काय झालं, ते दोम तनुशांना माहीत नव्हतं. तेव्हा ते मिसरूड न फुटलेले, किल्ल्याच्या डोंगराच्या पार दुसऱ्या अंगाला दगड वाहत होते. बुरुजावरचे पुरुष सगळे कामी आले. वर दगड आणि उकळतं डांबर पोचवणाऱ्या बायकांपैकी आता एकटी द्रांदे उरली होती. आणि छापखानेवाला बोर्तोलो बजावून गेला होता, की नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणाला प्रकरण हातात आलं नाही, तर ग्रंथ आहे तसा छापणार. तुमचा बुरूज तुमच्यापाशी ठेवा.

द्रांदे चौकाच्या कोपऱ्यावर मासे तळायची. सगळ्या वस्तीची आत्या, उंच, हाडापेरानं दणकट, आणि तोंडाची अशी फटकळ की व्हेनिसचे कोळीही तिच्याशी भाव करताना टोपी काढून उभे राहायचे. आणि आमच्यात कुणी गेलं की शोक गायला तिलाच बोलवायचे. ती मढ्याच्या उशाशी उभी राहून गायला लागली, की दगडालाही पाझर फुटे. ती गेलेल्याचं सगळं आयुष्य गायची, मग पलीकडे त्याला कोणकोण भेटेल त्यांची नावं गायची, वेढ्यातल्या सगळ्या मेलेल्यांची. फक्त मोठ्या दरवाजाचा बुरूज जवळ आला की तिचा सूर वळायचा. त्या बुरुजावर तिचा धाकटा भाऊ प्रोगोन पडला होता. त्याच्यावर तिनं कधीच गायलं नव्हतं. आणि ज्याच्यावर कुणी शोक गायला नाही तो पलीकडेही दाराबाहेरच उभा राहतो, असं आमच्या बायका मानतात. द्रांदेही मानायची. म्हणून तर सगळ्यांना कोडं पडायचं.

"आत्या, गाऊ नकोस हवं तर," दोम तनुश कढईपाशी उभे राहून विनवत. "नुसतं सांग."

"सांगता येत नाही. गाताना आपोआप येतं ते. मी काय तुझी पोथी आहे, हवं ते पान उघडायला?"

"मग गा."

"कोणावर गाऊ? मेलंय कोण?"

शोक गायचा तर पुढ्यात मेलेलं माणूस हवं. ते नसेल तर निदान त्याचे कपडे तरी हवेत. प्रोगोनचा देह खंदकात गेला आणि अंगरखा त्याच्याबरोबर. उगाच रिकाम्या जागेवर गायलं तर ती जागा आपलं माणूस मागून घेते. द्रांदे तेलकट हात पदराला पुसून म्हणायची, "बाजूला हो, गिऱ्हाईक खोळंबलंय."

ऑक्टोबरच्या एका सकाळी दोम तनुश तिच्यासमोर येऊन उभे राहिले. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, पण तोंडावर तेज होतं.

"आत्या, मी मरतो."

"कधी?" द्रांदेनं मासा उलटत विचारलं.

"उद्या. जेवण झाल्यावर."

द्रांदेनं वर पाहिलं. त्यांनी बेत सांगितला. ते आपल्या खोलीत पलंगावर मेल्यासारखे पडतील, उशाशी मेणबत्ती, छातीवर हात. ती गाईल. मढं आहे म्हटल्यावर रीतही मोडायची नाही. द्रांदे इतकी हसली की कढईतले मासे करपले.

"पाद्री असून खोटं वागणार तू?"

"मी तोंडच उघडणार नाही, तर खोटं कसं बोलेन?"

"पादुआला हेच शिकवतात वाटतं," द्रांदे म्हणाली. मग हसू ओसरलं. करपलेले मासे तिनं मांजरांपुढे टाकले. "बरं. पण मेलास तर नीट मर. गाणं चालू असताना मढं हललं तर त्या घरातलं दुसरं माणूस जातं. तुझ्या घरात दुसरं माणूस म्हणजे ती ओर्सोला. तिनं बिचारीनं तुझं काय वाकडं केलंय?"

सिओरा ओर्सोला ही दोम तनुशांची घरमालकीण. पक्की व्हेनिसची, विधवा, गोलमटोल आणि हळवी. तिला आधी सांगून ठेवायला हवं होतं. दोम तनुश विसरले. विद्वान माणसाचं असंच असतं. पाशानं हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्या रोमन सेनापतीसारखं बोलावं ते लक्षात राहतं आणि घरातली बाई लक्षात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. द्रांदेनं साथीला दोघीतिघींना बोलावलं होतं, ते सुद्धा कुणाला न सांगण्याच्या बोलीवर. त्यामुळे अर्थातच झाडून सगळं श्कोद्रा आलं. बायका तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. जिन नावाडी पलंगाला वळसा घालून आला आणि म्हणाला, "जिवंतपणी एवढे देखणे कधी दिसला नव्हतात, पाद्रीबाबा."

दोम तनुशांनी डोळे मिटले, आणि मिटल्यावर त्यांना घाम फुटला. कागद टेबलावर होते, शाई नवी घोटलेली होती, लेखणीला टोक केलेलं होतं, आणि मेलेल्या माणसाला लिहिता येत नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं. म्हणजे सगळं लक्षात ठेवायचं! तेवढ्यात नाकावर माशी बसली.

द्रांदेनं हाक घातली.

"ऊठ रे तनुश, ऊठ रे बाबा, शाई तुझी वाळली रे,
पाशा उभा तोंड उघडून, त्याला शब्द देणार कोण रे..."

खोलीत हशा पिकला. दोम तनुशांच्या पोटात हसू उसळलं, ते त्यांनी दातांत दाबून धरलं. द्रांदे त्यांची आई गायली, तळ्यावरचं त्यांचं घर गायली, लहानपणी चर्चची मेणबत्ती चोरून तिच्या उजेडात वाचत बसलेला तनुश गायली. हे हिला कुणी सांगितलं? हसणं विरत गेलं. साथीच्या बायकांनी हुंकार धरला, आणि तो हुंकार नाटकाचा नव्हता.

मग तिचा सूर पलीकडच्या वाटेला लागला. "आता जाशील तिथे तुला भेटतील रे," असं म्हणत ती नावं घ्यायला लागली. मोठ्या दरवाजापाशी आली. द्रांदेनं एक दम घेतला आणि या खेपेला वळली नाही.

बुरूज उभा राहिला. खिंडारात आधी खांदा लावणारा लेका नावाचा खोगीरवाला, ज्याला शेजारीपाजारी भित्रा म्हणत. डांबर संपलं तेव्हा कोबीचं उकळतं कढण ओतणाऱ्या बायका, आणि "मीठ घातलंय का गं?" असं मरता मरता विचारणारा म्हातारा तांबट. दुपारी पडलेला धुळीचा लोट, ज्यात आपलं कोण, परकं कोण कळेना, म्हणून सगळे गावातल्या गल्ल्यांची नावं ओरडत होते. ज्याला उत्तर देता येईना त्याच्यावर वार. दोम तनुशांच्या डोक्यात कुठल्याच सेनापतीचं भाषण राहिलं नाही. ते नुसते ऐकत होते, आणि एकही नाव निसटू नये म्हणून देवाचा धावा करत होते.

याच वेळी सिओरा ओर्सोला कसला गलका म्हणून सूप घेऊन वर आली. दारातून तिला मेणबत्ती दिसली, छातीवरचे हात दिसले. सूप जिन्यावरून खाली गेलं. "अगं आई गं! सकाळी तर अंडी खाल्ली होतीन् त्यांनी!" असा टाहो फोडून ती पलंगाशी कोसळली. कुणीतरी तिला खरं सांगायला पुढे झालं, पण द्रांदेनं डोळे वटारले. गाणं मध्ये थांबवायचं नसतं.

द्रांदेनं हात वर केला. आता निरोपाची वेळ होती. आमच्याकडे नव्यानं जाणाऱ्याच्या कानात आपापल्या मेलेल्यांसाठी निरोप सांगतात. सगळ्यांना ठाऊक होतं की हा मेलेला संध्याकाळी भाकरी खाणार आहे. तरी पहिली बाई वाकली. हसत वाकली, आणि उठली तेव्हा हसत नव्हती. "माझ्या आईला सांगा, नातीचं नाव तिचंच ठेवलंय." मग दुसरी, मग तिसरी. जिन नावाडी वाकला आणि त्याच्या दाढीचे केस दोम तनुशांच्या कानात टोचले. "थोरल्या भावाला म्हणावं, नाव मी चांगली वल्हवतो आता. तो म्हणायचा, जिन बुडवील." ओर्सोलाही सरसावली. तिला रीत कुणी समजावलीच नव्हती, पण ती बरोबर समजली. "माझ्या नवऱ्याला, झुआनेला सांगा," ती हुंदके देत म्हणाली, "शिंप्यानं दोनदा विचारलं, पण मी नाही म्हटलं. अजून एकदा विचारलं तर मात्र सांगता येत नाही."

दोम तनुश निपचित पडून होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, खरंच गेले.

शेवटी द्रांदे वाकली. ती गाईल असं त्यांना वाटलं होतं. पण ती कानाशी अगदी हळू, साधं बोलली, त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल असं.

"प्रोगोनला सांग, बार्धाला आम्ही खाल्लं."

बार्धा! दोम तनुशांना ती आठवली. प्रोगोनचं पांढरं खेचर. वेढाभर तटावर दगड ओढायची ती. प्रोगोनचा जीव होता तिच्यावर. लोक म्हणायचे, हा लग्न करायचा नाही, ह्याचं झालंय.

"बुरुजावर जाताना तो म्हणाला, बार्धाला जप," द्रांदे सांगत होती. "मी जपलं रे. गादी फाडून पेंढा घातला तिला. हल्ले थांबले तरी वेढा उठला नव्हता. मग पेंढाही सरला, घरात पोरांना घालायला काही उरलं नाही, गावात मांजर दिसेना. तेव्हा मीच तिला सोडून नेलं. चरायला चाललोय असं वाटलं तिला. माझ्या खांद्याला नाक लावून चालत होती. त्याला हे सांगायला मला तोंड नव्हतं. आणि मेलेल्यापुढे खोटं गाता येत नाही. म्हणून नाही गायले मी त्याच्यावर. सांग त्याला. तू सांग."

दोम तनुशांच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. द्रांदेनं ते पदरानं झटकन टिपलं.

"मेलेली माणसं रडत नाहीत, गाढवा," ती पुटपुटली.

मग ती ताठ उभी राहिली आणि प्रोगोनवर गायली. एवढी वर्षं छातीत कोंडून ठेवलेलं सगळं गायली. खाली चौकात येणारेजाणारे थांबले.

"ऊठ आता," द्रांदे म्हणाली. "झालं."

दोम तनुश उठून बसले, आणि ओर्सोला मागच्या मागे जिनच्या अंगावर पडली. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी दोम तनुशांचे हात चाचपून पाहिले, मग पायातली सपात काढली आणि त्या पवित्र पुरुषाला खोलीभर पळवलं. "मेला नव्हतात तर मेल्यासारखे का पडला होतात? माझं सूप! माझा शिंपी! माझं सगळं ऐकलंत!" माणसं पोट धरून हसली. हसता हसता जिननंच पहिल्यांदा विचारलं.

"अहो पण पाद्रीबाबा, निरोपांचं काय? दिलेला निरोप परत घेता येत नाही."

"खरंच की," एक बाई म्हणाली. "आणि दुसऱ्याबरोबर धाडताही येत नाही. घेतलाय तुम्ही. आता पोचवायला हवा."

द्रांदेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गाण्याच्या भरात तिला विसरच पडला होता, की आपण जन्मभर जपलेलं गुपित एका जित्याजागत्या माणसाच्या कानात ओतलंय, आणि तो माणूस त्याच क्षणी लेखणीकडे धावला होता. ती त्यांच्या टेबलाशी गेली.

"बार्धा पुस्तकात आली ना," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तर निरोप लगेच पोचायची व्यवस्था मी स्वतः करीन."

दोम तनुशांनी मान वर न करता छातीवर हात ठेवला. आमच्यात त्याहून मोठी शपथ नाही.

निरोपांचा प्रश्न त्यांनी आपल्या धंद्यातलाच मार्ग काढून सोडवला. नोव्हेंबरच्या सुरवातीला सगळ्या मृतांचा दिवस असतो. त्या दिवशी ते वेदीपुढे गुडघे टेकून इतका वेळ पुटपुटत राहिले, की मागच्या बाकांवरचे लोक चुळबुळायला लागले. एकेक नाव घेऊन एकेक निरोप ते पोचवत होते. शिंप्याचा सुद्धा.

संत मार्टिनच्या सणाला बोर्तोलोच्या हाती प्रकरण पडलं. त्यानं ते वाचलं, उलटून पालटून पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"इथे भाषण कुठाय? दरवाजा फुटतोय, शत्रू आत शिरतोय, आणि तुमचा किल्लेदार गप्प? वाचक वाट बघत बसेल की!"

"तिथे बोलायला कुणाला उसंत नव्हती," दोम तनुश म्हणाले, आणि आपण हे बोललो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मग हा तांबट कसा बोलतो? आणि तेही मिठाबद्दल?"

"तो बोलला होता."

बोर्तोलो बराच कुरकुरला, पण छापलं त्यानं. छापलेला पहिला ताव, अजून ओलसर, घेऊन दोम तनुश थेट कढईपाशी गेले. द्रांदेला वाचता येत नव्हतं. त्यांनी चौकात उभं राहून तिला तिच्या भाषेत बुरूज वाचून दाखवला. तेलाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून ती कढईपुढे आडवी उभी राहिली. लेका आला, कढण आलं, तांबट आला. प्रोगोन आला तेव्हा तिनं त्या नावावर बोट ठेवायला सांगितलं, आणि मग आपलं बोट तिथे ठेवलं. कागदावर तेलाचा ठसा उमटला.

"आणि ती?" द्रांदेनं विचारलं.

"नाही घातली."

"हं." तिनं कढईत मासे सोडले. ते तडतडायचे थांबल्यावर तिनं विचारलं, "निरोप मात्र दिलास ना?"

"दिला. वेदीपुढे, नाव घेऊन."

"मग काय म्हणाला तो?"

दोम तनुश गोंधळले. ज्या माणसानं पाशाला, सरदारांना, किल्लेदाराला पानंच्या पानं बोलायला लावलं, त्याला आता शब्द सुचेना. त्यांनी घसा खाकरला. "तो म्हणाला, हे भगिनी, संकटकाळी मनुष्यानं..."

द्रांदेनं झारा उगारला. "प्रोगोन असं बोलायचा नाही."

ते थांबले. त्यांनी डोळे मिटले, त्या दुपारी मिटले होते तसे. चौकात गिऱ्हाइकं खोळंबली होती. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि खाली मान घालून हळूच म्हणाले, "त्यानं विचारलं, पोरांना वाढून तुझ्या वाट्याला आलं का?"

द्रांदेच्या हातातला झारा तसाच राहिला. मग तिनं झारा ठेवला, सबंध तोंड पदरानं पुसलं, आणि पदराआडूनच हसल्याचा की रडल्याचा आवाज आला.

"हे बोलेल तो," ती म्हणाली. "अस्साच बोलायचा."

तिनं कढईतला सगळ्यात मोठा मासा काढला, भाकरीवर ठेवला आणि त्यांच्या हातात दिला.

"आता खरा जाशील ना, तेव्हा सांग त्याला," ती म्हणाली. "म्हणावं, आलं. पोटभर आलं."